मध्यभारताची न लिहिलेली राज्यघटना

'राज्यघटना' हा शब्द कानी पडला म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच ग्रंथ उभा राहतो. तो म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेला व २६ जानेवारी १९५० पासून पूर्णपणे अमलात आलेला भारताच्या संविधानाचा ग्रंथ. महाराष्ट्राची घटना, गोव्याची घटना, मध्य प्रदेशाची घटना असे काही स्वतंत्रपणे असू शकेल, ही कल्पनाही आपल्या मनाला शिवत नाही. परंतु संघराज्यपद्धती स्वीकारलेल्या अनेक देशांत घटकराज्यांना स्वतःच्या घटना असतात, आणि एके काळी आपल्याकडेही त्या असावयाच्या होत्या. आम्ही ज्या इंदूर नगरीत राहून वकिली करतो, तिला तर तसे लेखी वचनच मिळालेले होते. ते वचन कोणत्या कागदावर दिले गेले, ते कसे सोडून दिले गेले, आणि त्यात आपण काय मिळविले व काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. विषय कायद्याचा खरा. तथापि देवस्थानांच्या कारभाराशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्या आमच्या वाचकांना तो परका वाटणार नाही.

प्रथम थोडा इतिहास. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे राज्य इंग्रजांच्या मांडलिकत्वाखाली आले, आणि त्यानंतर इंदूर ही त्या राज्याची राजधानी झाली. पुढील १३० वर्षे हे संस्थान आपल्या कायद्यांनी, आपल्या न्यायालयांनी व आपल्या खजिन्याने चालले. २२ एप्रिल १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर व माळव्यातील इतर लहानमोठ्या संस्थानांच्या अधिपतींनी दिल्लीत एका करारनाम्यावर सह्या केल्या आणि त्यांतून मध्यभारत हे संयुक्त राज्य निर्माण झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले, आणि २८ मे १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते या राज्याचे उद्घाटन झाले. शिंदे व होळकर या दोन मराठा घराण्यांची दीड शतकाची चुरस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या एका वाक्यामागे केवढी घासाघीस झाली असेल हे सांगावयास नको. राजधानी कोठे, या प्रश्नाचा निकालसुद्धा वर्षाची वाटणी करून लावावा लागला. हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर.

त्या करारनाम्यात राजेलोकांचे तनखे होते, मानमरातब होते, आणि त्यांच्या जोडीला प्रजेच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचे असे एक कलम होते. शक्य तितक्या लवकर एक घटनासमिती बोलवावी, आणि तिने हा करारनामा व भारताचे संविधान यांच्या चौकटीत राहून संयुक्त राज्यासाठी जबाबदार राज्यपद्धतीची घटना तयार करावी, असा त्या कलमाचा आशय. सौराष्ट्र, राजस्थान इत्यादी अन्य संयुक्त राज्यांच्या करारनाम्यांतही अशीच तरतूद होती. अर्थात १९४८ च्या उन्हाळ्यात इंदूरच्या नागरिकाला एक घटना दिल्लीत लिहिली जात आहे व दुसरी आपल्या प्रतिनिधींनी लिहावयाची आहे, असे मानण्यास पूर्ण आधार होता.

अशी दुसरी घटना असून तिचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यासाठी बाहेरच्या जगाकडे क्षणभर पाहणे इष्ट होईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज ५० राज्ये आहेत आणि प्रत्येकाची घटना वेगळी आहे. मॅसॅच्युसेट्सची घटना १७८० सालची; म्हणजे १७८७ साली लिहिलेल्या संघराज्याच्या घटनेहूनही ती वडील आहे, आणि अनेक दुरुस्त्यांसह अजून चालू आहे. नेब्रास्का या राज्याने १९३७ पासून एकच सभागृह ठेविले आहे. बाकीच्या ४९ राज्यांत दोन आहेत. परंतु खरा उपयोग सभागृहांच्या संख्येत नाही. संघराज्याच्या घटनेत शिक्षणाचा हक्क कोठेही लिहिलेला नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली टेक्सासमधील एका दाव्यात ठरविले. तेव्हा गरीब वस्तीतील शाळांचे पालक टेक्सासच्या स्वतःच्या घटनेकडे वळले. त्या घटनेत सार्वजनिक शाळांची कार्यक्षम व्यवस्था करणे हे विधिमंडळाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले होते, आणि १९८९ साली टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या आधारे पालकांच्या बाजूने निकाल दिला. दिल्लीदरबारी न मिळालेली दाद घरच्या चावडीत मिळावी, तसा हा प्रकार झाला.

जर्मनीतील बव्हेरिया राज्याने १ डिसेंबर १९४६ रोजी लोकमत घेऊन आपली घटना मंजूर केली. तेव्हा जर्मन संघराज्याचा मूलभूत कायदा अस्तित्वात यावयास अडीच वर्षांचा अवकाश होता. त्या घटनेत राज्यातील अरण्यांत व डोंगरांत हिंडण्याचा आणि तेथील रानमेवा स्थानिक वहिवाटीप्रमाणे गोळा करण्याचा सर्वांना हक्क आहे, असे एक कलम आहे. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांनाच असे कलम सुचू शकते. मलेशियाचे उदाहरण तर आपल्याला याहून जवळचे आहे, कारण तेथेही संस्थानिक होते. १९५७ साली ते संघराज्य स्वतंत्र झाले तेव्हा नऊ सुलतानांच्या राज्यांच्या घटना तशाच ठेवण्यात आल्या. मात्र प्रत्येक राज्याच्या घटनेत कोणत्या गोष्टी असल्याच पाहिजेत, याची यादी संघराज्याच्या घटनेला जोडण्यात आली. इस्लाम धर्माचा कारभार हा तेथे राज्यांचा विषय राहिला व सुलतान त्याचे प्रमुख राहिले.

या सर्व उदाहरणांवरून घटकराज्याची घटना दोन प्रकारची कामे करते असे दिसते. राज्यकारभाराचा सांगाडा उभारणे हे पहिले काम. त्या भूमीच्या विशिष्ट वहिवाटी, विशिष्ट देणी आणि विशिष्ट कर्तव्ये लिहून ठेवणे हे दुसरे. ही देणीघेणी शेजारच्या प्रांताला लागू नसतात, म्हणून राष्ट्राच्या घटनेत त्यांना जागा मिळणे कठीण असते.

मराठी मुलुखाला ही गोष्ट अगदीच नवी होती असे मात्र कोणी समजू नये. सातारा भागातील औंध हे एक चिमुकले संस्थान. तेथील अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांची सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी व चित्रसंग्रहासाठी ख्याती आहे. परंतु त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे १९३९ सालच्या जानेवारीत त्यांनी आपण होऊन राज्याधिकार प्रजेच्या हाती सोपविला, हे होय. चिरंजीव आप्पासाहेब पंत व पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी यात पुढाकार घेतला, आणि महात्मा गांधींचे मार्गदर्शन घेऊन औंधची घटना तयार झाली. प्रौढ स्त्रीपुरुषांनी निवडलेली ग्रामपंचायत हा तिचा पाया होता, आणि तालुक्याची व संस्थानाची सभा त्या पायावर उभी केलेली होती. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ती घटना नऊ वर्षांची होऊन संपली. भारताच्या संविधानात ग्रामपंचायतींना बंधनकारक स्थान मिळावयास १९९२ सालची ७३ वी घटनादुरुस्ती यावी लागली, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता पुन्हा मध्यभारताकडे वळू. करारनाम्यावरील शाई वाळते न वाळते तोच दिल्लीतील विचाराचा प्रवाह बदलू लागला होता. प्रत्येक संस्थानाने वा संयुक्त राज्याने आपापली घटना लिहिली तर ती निदान एका साच्याची असावी, म्हणून बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एक नमुना-घटना तयार केली. परंतु मे १९४९ मध्ये संस्थानी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांची दिल्लीत परिषद भरली, तेव्हा नमुना वापरण्याऐवजी नमुन्याचेच प्रयोजन संपविण्यात आले. राज्यांनी वेगळ्या घटना लिहू नयेत, त्यांच्या कारभाराची कलमे भारताच्या संविधानातच समाविष्ट करावी, असे तेथे ठरले. सौराष्ट्र, म्हैसूर व त्रावणकोर-कोचीन येथे घटनासमित्या स्थापन झाल्या होत्या. त्यांनी दिल्लीच्या मसुद्यावर सूचना पाठविण्यापुरतेच काम केले. मध्यभारतात अशी समिती भरलीच नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये राजप्रमुखांच्या घोषणेने भारताचे संविधान मध्यभारतास लागू असल्याचे मान्य झाले, आणि करारनाम्यातील ते कलम निःशब्दपणे मावळले.

त्याऐवजी जे आले ते संविधानाच्या २३८ व्या अनुच्छेदात पाहावयास मिळत असे. प्रांतांसाठी लिहिलेला सहावा भागच 'ब' वर्गातील राज्यांना लागू करून, जेथे राज्यपाल तेथे राजप्रमुख वाचावे, अशा धर्तीचे फेरफार त्यात सुचविले होते. त्या फेरफारांत मध्यभारताच्या वाट्याला खास आपले म्हणावे असे एक वाक्य आले. या राज्यात आदिवासी-कल्याणासाठी एक मंत्री असलाच पाहिजे, असे ते वाक्य. झाबुआ, धार, बडवानी या भागांतील भिल्ल-भिलालांची वस्ती ध्यानी घेतली तर ते योग्यच होते. शिवाय ३७१ व्या अनुच्छेदाने या राज्यांची सरकारे पहिली दहा वर्षे राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली ठेविली. दहा वर्षे पुरी होण्याचीही वेळ आली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, राजप्रमुखपद गेले, २३८ वा अनुच्छेद गेला, आणि सुनेलचा टापू वगळून सारा मध्यभारत नव्या मध्य प्रदेशात सामील झाला. राजधानी भोपाळास गेली, उच्च न्यायालय जबलपुरास गेले, आणि इंदुरात खंडपीठ राहिले. मध्यभारताचे आयुष्य साडेआठ वर्षांनाही थोडे कमीच भरले.

मे १९४९ चा निर्णय चुकीचा होता काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. नागरिकाच्या हक्कांपुरते बोलावयाचे तर तो निर्णय योग्यच होता, आणि त्याचे प्रमाण आमच्या वाचकांच्या घरातच सापडते. दक्षिण कानड्यातील मुल्की येथील श्री वेंकटरमण देवालय गौड सारस्वत ब्राह्मणांचे. मद्रास प्रांताच्या १९४७ सालच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याने ते सर्व हिंदूंस खुले होते की नाही, हा वाद विश्वस्तांनी न्यायालयात नेला. हा वाद चालू असतानाच १९५६ ची राज्यपुनर्रचना झाली आणि दक्षिण कानडा जिल्हा मद्रासमधून म्हैसूर राज्यात गेला. म्हणूनच १९५७ सालच्या निकालपत्रावर प्रतिवादी म्हणून म्हैसूर राज्याचे नाव आहे. देव जागचा हलला नाही, राज्य मात्र बदलले. आता कल्पना करा की मंदिरप्रवेशाचा हक्क आणि संप्रदायाला आपल्या धर्मकृत्यांची व्यवस्था पाहण्याचा हक्क हे दोन्ही राज्याराज्यांच्या घटनांत निरनिराळे लिहिलेले असते. तर एका रात्रीत दोहोंचे स्वरूप पालटले असते. संविधान एकच होते म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २५ वा व २६ वा अनुच्छेद एकत्र वाचता आला. हे देवालय संप्रदायाचे आहे हे न्यायालयाने मान्य केले. परंतु सर्व हिंदूंचा प्रवेशाचा हक्क त्याहून वरचढ आहे, आणि काही विशिष्ट धर्मविधींच्या वेळी तेवढा तो मर्यादित करता येईल, असा निर्णय दिला. त्रावणकोरात १२ नोव्हेंबर १९३६ रोजी महाराजांच्या घोषणेने मंदिरे सर्व हिंदूंस खुली झाली. इतर अनेक संस्थानांत त्या काळी असे काही घडले नव्हते. माणसाची माणुसकी कोणत्या संस्थानाच्या हद्दीत तो जन्मला यावर अवलंबून राहू नये, एवढ्या एका कारणासाठीही एक संविधान हवेच होते. जम्मू-काश्मीरचा अपवाद सर्वांस माहीत आहे. तेथील स्वतंत्र घटना २६ जानेवारी १९५७ पासून पूर्णपणे अमलात आली, ऑगस्ट २०१९ मध्ये तिचा अंमल संपला, आणि ११ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचे ते पाऊल वैध ठरविले. त्यानंतर भारतात घटकराज्याची वेगळी घटना उरली नाही.

परंतु वर सांगितलेल्या दुसऱ्या कामाचे काय झाले? विशिष्ट देणी आणि विशिष्ट कर्तव्ये कोठे लिहिली गेली? येथे मात्र आपल्या पदरी लाभाबरोबर हानीही आली, आणि ती सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही.

त्रावणकोरचे उदाहरण प्रथम घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथील इंग्रज रेसिडेंट व दिवाण कर्नल मन्रो याने शेकडो देवळांच्या जमिनी सरकारजमा केल्या, आणि त्या देवळांचा खर्च सरकारच्या माथी आला. म्हणजे देवळांना सरकारकडून मिळणारा पैसा हा धर्मादाय नव्हता. घेतलेल्या जमिनीचे ते ऋण होते. १९४९ साली त्रावणकोर व कोचीन यांचा करारनामा झाला तेव्हा हे ऋण आकड्यासकट लिहून घेण्यात आले. दरसाल ५१ लक्ष रुपये देवस्वम् निधीस द्यावेत आणि त्यांतील ६ लक्ष श्रीपद्मनाभस्वामींच्या देवालयाकडे जावेत, असे ठरले. तेथील मुत्सद्द्यांनी एवढ्यावर न थांबता ती ५१ लक्षांची रक्कम थेट भारताच्या संविधानात, त्याच २३८ व्या अनुच्छेदात, नमूद करविली. १९५६ साली तो अनुच्छेद गेला तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीने २९०-अ हा नवा अनुच्छेद घालण्यात आला. केरळने दरसाल ४६ लक्ष ५० हजार आणि कन्याकुमारीकडील भाग ज्याच्याकडे गेला त्या तमिळ राज्याने १३ लक्ष ५० हजार रुपये देवस्वम् निधीस द्यावेत, असे तो सांगतो. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या संविधानात देवळांच्या खर्चाचा आकडा आढळतो तो याच एका अनुच्छेदात, आणि तो आजही तेथे आहे.

आता इंदूर पाहा. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांकडून जी खासगी जहागीर मिळाली, तिचा वारसा अहिल्याबाईंकडे आला. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरी राहून राज्य करणाऱ्या या साध्वीने काशीविश्वेश्वराचे देवालय, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, सोमनाथ, आणि हरिद्वारापासून रामेश्वरापर्यंतच्या तीर्थांवरील घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे अशी जी कामे केली, त्यांच्या मागे ही खासगी होती. मध्यभारतात संस्थान विलीन झाल्यावर या खासगीचे काय करावयाचे हा प्रश्न १९४९ साली निकालात काढण्यात आला. खासगीची मालमत्ता व उत्पन्न मध्यभारत सरकारकडे कायमचे जावे, आणि त्याच्या बदल्यात अहिल्याबाईंच्या धर्मादायासाठी सरकारने दरसाल सुमारे २ लक्ष ९२ हजार रुपये निरंतर बाजूस काढावेत, असे ठरले. तत्त्व त्रावणकोरचेच होते. मालमत्ता घेतली, म्हणून ऋण लागले. फरक एवढाच की त्रावणकोरचे ऋण संविधानात लिहिले गेले आणि इंदूरचे ऋण मालमत्तांच्या यादीत व पत्रव्यवहारात राहिले.

हा फरक किती मोठा होता, हे पुढे दिसले. संस्थानिकांच्या करारांतून उद्भवणाऱ्या वादांत न्यायालयांनी पडू नये, असे संविधानाचा ३६३ वा अनुच्छेद सांगतो. म्हणजे करारनाम्यातील वचन कितीही गंभीर असो, ते घेऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढणे कठीण. १९६२ साली अहिल्याबाईंच्या धर्मादायांसाठी खासगी न्यास स्थापन झाला. पुढे हरिद्वार येथील मालमत्तेच्या विक्रीवरून वाद उत्पन्न झाला, तो इंदूर खंडपीठापुढे आला, आणि २०२० साली खंडपीठाने मालमत्ता शासनाच्या मानून निर्णय दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२२ मध्ये त्या न्यायालयाने हा सार्वजनिक न्यास असून त्याला मध्य प्रदेशाचा १९५१ चा सार्वजनिक न्यास अधिनियम लागू होतो असे ठरविले, आणि झालेल्या हस्तांतरणांची चौकशी त्या अधिनियमाखालील निबंधकाकडे सोपविली. वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तो १९५१ चा अधिनियम जुन्या मध्य प्रदेशाचा, म्हणजे नागपूरच्या विधानसभेत झालेला. त्या वेळी इंदूर त्या राज्यात नव्हतेही. अहिल्याबाईंच्या दानधर्माचे भवितव्य शेवटी ज्या कायद्याने ठरले तो इंदूरने केलेला नव्हता, आणि इंदूरसाठी केलेलाही नव्हता. १९४९ साली वचन दिले गेले आणि २०२२ साली हा न्यास कोणत्या कायद्याखाली येतो हे कळले. मध्ये ७३ वर्षे गेली.

यावर कोणी असे म्हणेल की, संविधानात लिहिले म्हणजे सर्व सुरक्षित झाले. तसेही नाही. संस्थानिकांचे तनखे २९१ व्या अनुच्छेदात लिहिलेले होते. ग्वाल्हेरचा २५ लक्षांचा आणि इंदूरचा १५ लक्षांचा तनखा त्यांतच मोडत असे. १९७० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. मध्यभारताच्या राजप्रमुखांचे चिरंजीव माधवराव शिंदे यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि तो आदेश रद्द झाला. परंतु पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७१ मध्ये, २६ व्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेदच काढून टाकण्यात आला. तनखे गेले आणि देवस्वम् निधीचा आकडा राहिला. दोन्ही एकाच ग्रंथात, एकाच पद्धतीने लिहिलेले. मग एक का टिकले आणि दुसरे का गेले? आमच्या मते याचे कारण असे की तनखा एका व्यक्तीचा मान होता आणि देवस्वम् निधी लक्षावधी भाविकांच्या नित्य उपासनेचा आधार होता. लेखाला बळ देणारे लोक पाठीशी असतील तरच लेख टिकतो. परंतु लोक पाठीशी असूनही लेख नसेल तर काय होते, हे इंदूरने पाहिले आहे. म्हणून दोन्ही लागतात.

तेव्हा मे १९४९ च्या निर्णयाकडे पाहताना आम्हांस असे वाटते की हक्कांसाठी एकच ग्रंथ ठेवला, हे उत्तम झाले. परंतु स्थानिक ऋणांची व कर्तव्यांची नोंद करण्यासाठी जी घरची वही असावयास पाहिजे होती, ती मध्यभारतात कधी उघडलीच गेली नाही. ती उघडली असती तर अहिल्याबाईंच्या धर्मादायाचे कलम तिच्यात आले असते, असे आम्ही खात्रीने म्हणू शकत नाही. पण ते मांडण्याची एक जागा, एक सभा आणि एक दिवस तरी इंदूरच्या प्रतिनिधींना मिळाला असता. तो विषय चारचौघांत चर्चिला गेला असता, आणि त्याचा निकाल बंद खोलीतल्या यादीवर लागला नसता.

या विवेचनाचा आपल्या देवस्थानांशी असलेला संबंध आता वेगळा सांगावयास नको. गोव्यातील श्रीशांतादुर्गा, श्रीमंगेश, श्रीम्हाळसा, श्रीरामनाथ इत्यादी देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज काळातील १९३३ सालच्या देवस्थान नियमावलीखाली चालतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर १९६२ च्या कायद्याने जुने कायदे, बदलेपर्यंत, चालू ठेवण्यात आले, म्हणूनच ती नियमावली राहिली. तिच्याखाली प्रत्येक देवस्थानचा स्वतंत्र 'कोंप्रोमिस' असतो. महाजन कोण, उत्सव कोणते, सेवेकऱ्यांचे हक्क व कर्तव्ये काय, हे त्यात लिहिलेले असते. संघराज्यात घटकराज्याच्या घटनेचे जे स्थान, तेच आपल्या कारभारात या लहानशा लेखाचे स्थान आहे. वरच्या कायद्याच्या चौकटीत राहून आपल्या घरची कर्तव्ये आपणच लिहून ठेवण्याची ती जागा आहे. महाराष्ट्रातील देवस्थानांच्या बाबतीत विश्वस्तपत्र किंवा न्यायालयाने घालून दिलेली योजना हेच काम करते.

वकिलीच्या व्यवसायात आम्ही असे अनेकदा पाहिले आहे की पालखीचा मान कोणाचा, यावर तीन पिढ्या वाद चालतो, परंतु देवाच्या नंदादीपाचे वर्षासन कोणत्या सनदेने मिळते, ती सनद कोठे आहे, आणि ज्या सरकारने ती मान्य केली त्याच्या जागी आज कोण आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. वर्षासन बंद झाले म्हणजे मग शोध सुरू होतो. आणि तोपर्यंत राज्य एकदा नव्हे, दोनदा बदललेले असते. ज्या देवस्थानचे महाजन वर्षातून एकदा उत्सवाच्या निमित्ताने एकत्र येतात, त्यांनी त्याच बैठकीत आपला कोंप्रोमिस किंवा विश्वस्तपत्र काढून वाचावे, देवस्थानचे येणे व देणे कोणत्या कागदावर उभे आहे ते तपासावे, आणि जे केवळ आठवणीत आहे ते ठराव करून लेखी नोंदवावे, अशी आमची विनंती आहे. मध्यभारतास आपली घटना लिहावयास दीड वर्षही मिळाले नाही. आपल्या देवस्थानांना मात्र अजून वेळ आहे, आणि लेखणीही आपल्याच हाती आहे.